नाव बाबू मिस्त्रीला कळलं पाहिजे

माझ्या टेबलाखाली एक खोकं आहे, जुन्या वायरींचं. त्यातली एकही वायर आता कशालाच लागत नाही आणि एकही टाकून देववत नाही. किश्श्यांचंही तसंच असतं. एका छपराखाली चार माणसांनी वर्षानुवर्षं काम केलं की ते साठतच जातात, आणि कुणीतरी एक टोक ओढलं की सगळा गुंता बाहेर!

परवा हे टोक ओढलं आमच्या पुण्याच्या ऑफिसातल्या एकीनं. तिनं फोनवर विचारलं, "मॅम, तुमच्या लायब्ररीतल्या फ्लॅगची नावं इतकी साधी कशी हो? कुणी ठेवली?"

मी म्हटलं, "बाबू मिस्त्रीनं."

"ते कुठल्या टीमला होते?"

"मोटार रिवाइंडिंग!"

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. फोन ठेवला आणि मी बराच वेळ एकटीच हसत बसले. मग थोडं रडूही आलं, ते सोडा.

आधी ओळखी करून देते. कंपनी पुण्याची, पण आम्ही तिघं धाराशिवात. मुनीर सर, भूमचा रवी आणि ढोकीहून रोज एसटीनं येणारी मी, शुभांगी. ऑफिस इथं का, तर सरांनी पुण्याला जायला साफ नकार दिला आणि कंपनीला सर सोडवेनात. काम म्हणाल तर दुभाष्याचं. लोकांचे प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांना एकमेकांशी थेट बोलता येत नाही, मध्ये एक लायब्ररी लागते, ती आम्ही सांभाळायचो. तिच्यात शेकडो फ्लॅग. फ्लॅग म्हणजे बटण. चालू किंवा बंद, तिसरं काही नाही. आणि सर रिव्ह्यू करायचे. त्यांनी "मंजूर" म्हटल्याशिवाय एक ओळसुद्धा आत जायची नाही.

खाली बाबू मिस्त्रीचं दुकान. शेतातल्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडं यायच्या, तो त्यांना नवी तार भरायचा. वरच्या मजल्यावर जायचा जिना त्याच्या दुकानातूनच होता, त्यामुळं आमच्या आयुष्यात तो आपोआपच आला.

* * *

माझा पहिला रिव्ह्यू. रात्रंदिवस घासून लिहिलेला कोड मी सरांच्या स्क्रीनवर उघडला. सरांनी खुर्ची मागं घेतली, डोळे मिटले आणि म्हणाले, "वाचा."

मला कळेना. "सर, समोरच आहे की."

"ज्यानं लिहिलं त्यानं वाचायचं. आमच्यात अशी पद्धत आहे. मोठ्यानं."

सरांचं एक होतं. कामात आम्हाला "तुम्ही", कामाबाहेर "बेटा". 'तुम्ही' आलं की समजायचं, आता सुटका नाही.

मी वाचायला लागले. चौथ्या ओळीला धाप लागली, मध्येच श्वास घेतला. सरांनी डोळे न उघडता बोट वर केलं. "इथं तुमचा श्वास तुटला. तिथंच ओळ तोडा."

हा आमचा ओळीच्या लांबीचा नियम! जगभर लोक ओळीत अक्षरं किती असावीत यावर भांडतात. आमच्याकडं एक श्वास, एक ओळ.

यात घोटाळा केला रवीनं. हा गडी लहानपणापासून विहिरीत सूर मारणारा. सव्वाशे अक्षरांची ओळ न थांबता वाचून दाखवायचा आणि वर आमच्याकडं बघून भुवया उडवायचा. सरांनी दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "रवी, सगळ्यांना तुमच्यासारखी बुडी मारता येत नाही. तुमच्यासाठी ऐंशी अक्षरं. मोजून!"

ऑफिसात अक्षरांची मर्यादा फक्त एका माणसाला होती.

* * *

दुसरी पद्धत याहून अवघड. नवीन फ्लॅग केला की त्याचं नाव खाली बाबू मिस्त्रीला मराठीत सांगायचं आणि विचारायचं, "हे बटण चालू केल्यावर काय होईल?" त्यानं बरोबर सांगितलं तर नाव पास. सरांचं म्हणणं साधं होतं. "त्याला कॉम्प्युटर कळत नाही, पण बटण आपल्यापेक्षा जास्त कळतं. चुकीचं बटण दाबलं की काय जळतं, हे तो रोज बघतो."

रवीनं एकदा फ्लॅग केला. डेटाबेसशी संपर्क तुटला तर प्रोग्रॅमनं पुन्हा प्रयत्न करायचा की नाही, याचा. नाव ठेवलं 'डिसेबल नो रिट्राय'. आम्ही तिघंही खाली गेलो. मिस्त्री मोटारीत डोकं घालून बसलेला.

रवी म्हणाला, "मामा, बटणाचं नाव आहे 'पुन्हा प्रयत्न न करणं बंद'."

मिस्त्रीनं डोकं बाहेर काढलं. "थांबा. बटन चालू केलं, तर प्रयत्न करायचा न्हाय, हे बंद. म्हंजी करायचा?"

"व्हय."

"आन् बटन बंद केलं, तर करायचा न्हाय हे बंद, ते बी बंद. म्हंजी?"

रवी बोटं मोजायला लागला. "म्हणजे करायचा... न्हाय... थांबा मामा."

मिस्त्री हात पुसत उठला. "असला स्टार्टर म्या कुणाच्या शेतावर बसवला ना, तर मोटार ऱ्हाईल बाजूला, लोक मलाच हिरीत सोडतील!"

सर जिन्याकडं वळले. "रिव्ह्यू संपला, रवी."

संध्याकाळपर्यंत नाव बदललं. नुसतं 'रिट्राय'. चालू म्हणजे करायचा, बंद म्हणजे नाही. ते आजही तसंच आहे.

* * *

माझीही जिरली, लपवत नाही.

आम्ही कोडमधला पार्सर नावाचा एक भाग नव्यानं लिहिला होता. जुना आणि नवा दोन्ही काही दिवस ठेवायचे होते. मी फ्लॅगचं नाव ठेवलं 'यूज न्यू पार्सर', नवीन वापरा म्हणून. यात काय चुकणार? मिस्त्रीनंसुद्धा पास केलं होतं.

सर म्हणाले, "शुभांगी, तुमच्या मळ्यात विहिरी किती?"

"दोन."

"नावं?"

"जुनी विहीर आणि नवी विहीर."

"नवी कधी खांदली?"

ती माझ्या आजोबांच्या लग्नाआधीची. आजही आमच्या घरी "नव्या विहिरीवर जाऊन ये" असंच म्हणतात. तिच्यात पिंपळ उगवलाय!

सर एवढंच म्हणाले, "पाच वर्षांनी कुणीतरी आणखी नवीन लिहील. तो बिचारा काय नाव ठेवणार?"

मी मुकाट्यानं बदलून आणलं. त्या दिवशी घरी गेल्यावर आईला म्हटलं, "आपल्या विहिरीचं नाव चुकलंय." आई म्हणाली, "उन्हातून आलीस, आधी पाणी पी."

* * *

सर असे का झाले, ते त्यांनीच एकदा सांगितलं. चहा आला होता, म्हणजे आम्ही त्या वेळी 'बेटा' होतो.

तरुणपणी ते एका साखर कारखान्यात होते. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर आला की वजन घेणारा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलेला. त्यात शेवटी एक प्रश्न यायचा. 'नोंद रद्द न करता पुढे जायचे नाही का?' खाली हो आणि नाही.

"मला तो लई हुशारीचा वाटला होता बेटा. मला सगळं कळायचं. पण एक दिवस मी रजेवर गेलो."

काट्यावरच्या माणसानं सकाळी 'हो' दाबलं, दुपारी घाबरून 'नाही' दाबलं आणि मग काहीच दाबायचं सोडून दिलं. सर दुसऱ्या दिवशी परत आले तर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर पार पुलापर्यंत. एक म्हातारा ट्रॅक्टरखाली सावलीला झोपला होता. त्यानं सरांना ओळखलं नाही. विचारलं, "साहेब, आत कुणी शहाणा माणूस आला म्हणत्यात, खरं का?"

सर हसत सुटले. मग चहाचा कप ठेवताना तो बशीत न ठेवता बशीशेजारी ठेवला गेला आणि कलंडला. आम्हीही हसलो. तेव्हा काही लक्षात आलं नाही.

* * *

लक्षात आलं ते नंतर. रवी वाचत होता, सर स्क्रीनकडं तोंड करून ऐकत होते. मध्येच माझ्या पायात वायर अडकली आणि सरांचा मॉनिटर बंद झाला. पूर्ण काळा.

सर मान हलवत म्हणाले, "हां, पुढची ओळ."

रवी थांबला. माझ्याकडं बघितलं. मी वायर हातात धरून तशीच उभी.

"का थांबलात? दिसतंय मला. पुढं चला."

रवीनं पुढची ओळ वाचली. हा सव्वाशे अक्षरं एका दमात म्हणणारा रवी, त्याचा श्वास तिसऱ्या शब्दाला तुटला. सरांनी बोट वर केलं आणि मग तसंच खाली घेतलं. त्यांना कळलं की आम्हाला कळलं.

सरांच्या मधुमेहाची साखर डोळ्यांच्या पडद्यावर गेली होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आहे तेवढं टिकवू, गेलेलं येणार नाही. जवळची अक्षरं सरांना धुरकट दिसायची, जिना तर सगळा एकच उतार. "अर्धी जिंदगी साखरेत काढली," सर म्हणाले, "आता तिनं हिशोब... जाऊ दे." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

वाचून घ्यायची पद्धत आधी आली की आजार आधी, हे आम्ही कधी विचारलं नाही.

सरांनी एकच मागितलं. लायब्ररीची तिसरी आवृत्ती यायची होती. त्यात सगळे वाकडे फ्लॅग निघणार होते, वीस वर्षांचा कचरा साफ होणार होता. "ती माझ्या हातून जाऊ दे. मग मी भूमला लेकीकडं जातो. तोवर पुण्याला कळू देऊ नका. कळलं तर मायेनं घरी बसवतील, आणि मायेपुढं भांडता येत नाही."

त्या दिवसापासून आम्ही तिघं, आणि खालचा मिस्त्री धरून चौघं, कटात सामील!

* * *

कट करायला अक्कल लागते, ती आमच्यात किती होती ते सांगते.

पुण्याच्या वैदेही मॅडम आमच्या मुख्य. दर सोमवारी त्यांचा व्हिडिओ कॉल. त्या स्क्रीन दाखवून म्हणायच्या, "सर, बेचाळिसावी ओळ बघा ना." आमचं ठरलेलं की रवीनं सरांच्या शेजारी बसायचं आणि सहज बोलल्यासारखं करून ओळ वाचायची.

पहिल्याच कॉलला मॅडम म्हणाल्या, "बेचाळीस बघा सर."

रवी सहज बोलला. शाळेत प्रार्थना म्हणतात तसा! "अरे वा, बेचाळिसाव्या ओळीवर, टाइमआउट नावाचा फ्लॅग, दिसतो आहे, सर!"

आणि सर भडकले. "दिसतोय रवी! आम्हाला डोळे आहेत!"

मॅडम म्हणाल्या, "रवी आज फार उत्साहात आहे." मी कॅमेऱ्याबाहेर टेबलाखाली, त्या वायरींच्या खोक्याशेजारी, तोंडात ओढणी कोंबून बसले होते.

* * *

त्या काळातच माझा एक फ्लॅग अडला. डेटाबेसनं 'मिळालं' म्हणायची वाट न बघता पुढचं काम सुरू करायचा. मी नाव ठेवलं 'फास्ट'.

मिस्त्रीनं विचारलं, "फास्ट म्हंजी काय करतंय ताई?"

"समोरच्यानं माल मिळाला म्हणायच्या आधीच निघतं."

"आन् मिळालाच नसंल तर?"

"मग... गेला."

"मग त्याला पळपुटं म्हणा की!"

सर वरून जिन्याच्या तोंडाशी उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "फास्ट ही तारीफ झाली, शुभांगी. बटणानं स्वतःची तारीफ करायची नसते. काय सोडून पळतंय, ते सांगा."

हे वाक्य मी तेव्हाच कागदावर लिहून टेबलावर चिकटवलं. कागद पिवळा पडलाय, पण आहे. कुणी बायोडेटा घेऊन आलं की माझी नजर आधी त्या कागदावर जाते.

* * *

आता शेवटचा.

तिसऱ्या आवृत्तीतला एकच बदल राहिला होता, आणि तो वैदेही मॅडमनी स्वतः लिहिला होता. मी वाट बघत होते की तो मेलवर येईल. आल्या मॅडमच! न सांगता, गाडी घेऊन, सकाळी अकराला. मिस्त्रीनं खालून पान्यानं पाइपवर तीनदा ठोकलं. ही आमची खूण. पण तोवर त्या अर्ध्या जिन्यात होत्या.

त्यांनी लॅपटॉप सरांसमोर ठेवला. "सर, हा शेवटचा. म्हटलं, समोर बसून करून घ्यावा."

रवी उभ्याउभ्या पांढरा पडला. आज शेजारी बसून कुजबुजायचीही सोय नव्हती.

सरांनी लॅपटॉपला हात लावला आणि हलकेच तो मॅडमकडं फिरवला. "वाचा, मॅडम. ज्यानं लिहिलं त्यानं वाचायचं. आमच्यात अशी पद्धत आहे."

मॅडमनी आमच्याकडं बघितलं. आम्ही दोघं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होतो. आमच्या पद्धती त्यांनी सोमवारच्या कॉलवर सरांच्या तोंडून खूपदा ऐकल्या होत्या. मग त्या वाचायला लागल्या. सहाव्या ओळीला थांबल्या. सरांनी बोट वर केलं.

"श्वास तुटला," मॅडम स्वतःच म्हणाल्या आणि ओळ तोडली.

पुढं फ्लॅगचं नाव आलं, 'लेगसी मोड'. सर काही बोलायच्या आत मॅडम उठल्या आणि जिन्याशी जाऊन त्यांनी खाली हाक मारली, "बाबू मिस्त्री कोण आहेत? जरा वर येता का?"

मिस्त्री आला, हात मागं लपवून. मॅडमनी विचारलं, "जुनी पद्धत, असं बटण आहे. चालू केल्यावर काय होईल?"

मिस्त्री विचारात पडला. "कुनाची जुनी? माझी का तुमची?"

मॅडम खुर्चीत बसल्या. दहा मिनिटं नुसत्या विचार करत. मग नवीन नाव टाइप केलं, कितव्या आवृत्तीसारखं वागायचं ते सरळ सांगणारं, आणि मोठ्यानं वाचलं.

सर म्हणाले, "मंजूर."

एवढंच. तिसरी आवृत्ती गेली. रवी खिडकीकडं तोंड करून उभा राहिला, आणि मी चहा सांगायच्या निमित्तानं मिस्त्रीला उगीचच रागावले.

निघताना सर मॅडमना सोडायला खाली उतरले. एक हात भिंतीला, आणि प्रत्येक पायरीला आधी चप्पल पुढं सरकवून कड शोधायची. मॅडम त्यांच्या मागं होत्या. एवढ्या घाईच्या बाई, पण एकेक पायरी थांबत उतरल्या.

गाडीत बसताना त्यांनी मला जवळ बोलावलं. "शुभांगी, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळा रंग मारून घ्या. उद्या सकाळच्या आत."

"कशाला, मॅडम?"

"रोज इतकी माणसं चढतात, उतरतात," त्या म्हणाल्या आणि काच वर केली.

मिस्त्रीनं दुकान बंद करायच्या आधी, मोटारींच्या टोप्यांना मारायचा पिवळाजर्द रंग काढून, स्वतः बसून चौदाही पायऱ्यांना पट्टे ओढले. कुणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सर आले. खालच्या पायरीशी थांबले. बराच वेळ थांबले. मी, रवी आणि मिस्त्री वर, श्वास धरून. मग त्यांनी भिंतीवरचा हात काढला, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि चढत आले. सरळ, एका चालीत, जसे कधीकाळी यायचे तसे.

वर येऊन त्यांनी पिशवी ठेवली, खुर्चीत बसले, चष्मा काढून पुसला. परत घातला. मग मिस्त्रीकडं तोंड करून म्हणाले,

"बाबूभाई, नवव्या पायरीची रेघ तिरपी आलीय. तुम्ही ती पुसून परत मारा."